हवाई दलाच्या स्क्वाड्रन ४२ ऐवजी २९ च का, आणि आधुनिकीकरण म्हणजे नेमके काय?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना भारतीय हवाई दलाकडे २९ च का उरल्या, हा पहिला. आणि नवी विमाने विकत घेतली म्हणजे दल आधुनिक होते का, हा दुसरा. आर्वीजवळच्या खेड्यातून बारावी करत असून एअरमन, म्हणजे हवाई दलातला अधिकारी नसलेला जवान, व्हायची इच्छा आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मीही वर्धा जिल्ह्यातलाच. हवाई दलात विमानांच्या देखभालीचे काम करून सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि आता गावी शेती पाहतो. वैमानिकाला जे दिसते ते मला दिसले नाही. मला विमानाचे पोट दिसले, आणि हे उत्तर तिथूनच दिलेले आहे.

संख्येचे कारण फार गूढ नाही. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने असतात. १९६३ मध्ये दाखल झालेले मिग-२१ अनेक दशके या दलाचा कणा होते आणि त्याची शेवटची तुकडी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाली. त्याची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे आजच्या तेजसचा, प्रकल्प १९८३ मध्येच मंजूर झाला होता. पण तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहायला जुलै २०१६ उजाडला. मधल्या काळात १२६ विमाने परदेशातून घेण्यासाठी २००७ मध्ये निविदा निघाली, चाचण्या झाल्या, वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या आणि अखेर २०१६ मध्ये करार झाला तो ३६ राफेलचा. जुनी विमाने वेळेवर म्हातारी झाली आणि नवी वेळेवर आली नाहीत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

दुसरा भाग मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई होते. इतिहासात त्या अधिकाऱ्यांची नावे आवर्जून येतात, आणि त्यांतले सुब्रतो मुखर्जी पुढे १९५४ मध्ये पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले म्हणून ते योग्यही आहे. पण विमाने उडत ठेवणाऱ्या एकोणिसांची नावे क्वचितच कोणी घेतो. ही तक्रार नाही, व्यवसायाची सवय आहे.

स्वातंत्र्यानंतर २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवले आणि त्यामुळे काश्मीरचे खोरे वाचले. पुढच्या दशकात जिथून मिळेल तिथून विमाने घेतली गेली. ब्रिटनची व्हॅम्पायर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट, फ्रान्सची तूफानी आणि मिस्टेअर अशी ती यादी आहे. प्रत्येक विमानाचे सुटे भाग वेगळे, हत्यारे वेगळी, चाचणीची उपकरणे वेगळी, आणि त्यावर काम करणाऱ्या माणसाचे प्रशिक्षणही वेगळे. कागदावर हे वैविध्य शोभून दिसते, भांडारात त्याचा त्रास होतो. १९६५ मध्ये इवल्याशा नॅटने पाकिस्तानच्या सेबर विमानांना जेरीस आणले. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला चढवला आणि त्याच दिवशी श्रीनगरवर नॅट घेऊन एकट्याने झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना वीरमरण आले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलाचे आजवरचे एकमेव अधिकारी आहेत. या लढायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जातो.

मिग-२१ चे खरे महत्त्व माझ्या मते युद्धातल्या कामगिरीइतकेच त्याच्या उत्पादनात होते. सोव्हिएत संघाने परवान्यासह हे विमान दिले आणि ते भारतात तयार होऊ लागले. सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. त्यामुळे हजारो कामगार आणि तंत्रज्ञ ध्वनीपेक्षा वेगवान विमान आतून ओळखू लागले. मात्र परवान्यावर बनवणे आणि स्वतः रचणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर मारुत या विमानाने त्याच काळात दाखवून दिले होते. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला घडलेले मारुत १९६१ मध्ये उडाले. रचना उत्तम होती, पण त्याला साजेसे इंजिन मिळालेच नाही. कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर भागवावे लागले आणि ज्या वेगासाठी ते रचले होते तो त्याने कधी गाठला नाही. पुढे तेजससाठी कावेरी इंजिन हाती घेतले, तेही अपेक्षित जोर देऊ शकले नाही, म्हणून तेजस आज अमेरिकी इंजिनावर उडते. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली गेली आणि २०२५ मध्ये आणखी ९७ ची. पण पुरवठा रखडला त्याचे एक मोठे कारण पुन्हा इंजिनच. साठ वर्षांत इतके काही बदलले, तरी अडले तिथेच. जोवर इंजिन आपले नाही तोवर ताफ्याची संख्या दुसऱ्याच्या कारखान्याच्या वेळापत्रकावर ठरत राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुट्या भागांचा प्रश्नही याच जातीचा आहे. ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा एक लहानसा भाग मिळत नाही म्हणून वावर पडून राहते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा आपल्या रशियन बनावटीच्या विमानांचे तसेच झाले. करार एका देशाशी होता आणि कारखाने विखुरले होते अनेक देशांत. जग्वार हे विमान तर आता जगात फक्त भारतच वापरतो, म्हणून फ्रान्समधून निवृत्त जग्वारचे सांगाडे सुट्या भागांसाठी आणावे लागले. विमान विकत घेताना वर्तमानपत्रात छापून येते ती किंमत आणि पुढची तीस-चाळीस वर्षे ते चालवण्याचा खर्च, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमचे काम कसे चालते तेही थोडे सांगतो. सकाळी उड्डाणे सुरू होण्याआधी माणसे एका रांगेत खाली मान घालून धावपट्टीलगत चालत जातात आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलतात. यांतली एखादी वस्तू इंजिनाने आत ओढली तर पाती फुटतात. विमान परत आले की तंत्रज्ञ टॉर्च घेऊन इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या तोंडात शिरतो आणि पात्यांच्या कडांवरून बोट फिरवतो, कारण नखाएवढी खाच डोळ्यांना चुकते, बोटाला चुकत नाही. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. काम संपल्यावर एक जरी जागा रिकामी दिसली तरी तो पाना सापडेपर्यंत विमान सोडले जात नाही. शेवटी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, तंत्रज्ञाची सही होते आणि त्या सहीवर विश्वास ठेवून वैमानिक आपली सही करतो. (उन्हाळ्यात तापलेल्या पंखाला हात लावणे हा अनुभव विदर्भातल्या माणसाला तुलनेने सोपा जातो.)

म्हणून आधुनिकीकरण म्हणजे नुसती खरेदी नव्हे, हे मी कारगिलच्या उदाहरणाने सांगेन. मे १९९९ मध्ये, एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस दलप्रमुख असताना, हवाई कारवाई सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. इतक्या उंचीवरच्या लहान लक्ष्यांवर नेमका मारा करण्याची सोय अपुरी होती. मिराज-२००० तर १९८५ पासून आपल्याकडे होते. त्यावर लक्ष्यदर्शक लायटनिंग पॉड आणि लेसरच्या साहाय्याने जाणारे बॉम्ब बसवण्याचे काम घाईने पूर्ण झाले आणि २४ जूनला टायगर हिलवर अचूक मारा करता आला. विमान तेच होते. ओझरलाही असेच घडले. तिथे सुखोई-३० मध्ये फेरबदल करून अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र त्याच्या पोटाखाली बसवले गेले आणि २०२० मध्ये तंजावरला तशा विमानांची स्क्वाड्रन उभी राहिली. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे रोखताना एस-४०० आणि आकाश या जमिनीवरून मारा करणाऱ्या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणांच्या बरोबरीने, अनेक रडारांचे चित्र एकत्र करून दाखवणारी नियंत्रण यंत्रणा निर्णायक ठरली. तिचे छायाचित्र राफेलसारखे भिंतीवर लावता येत नाही, पण २९ स्क्वाड्रनवर गुजराण करणाऱ्या दलाला तिची गरज अधिक आहे.

आता तुमच्याविषयी. आपल्या भागात पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे पोलीस भरतीची किंवा लष्कराची तयारी करतात. पुलगावच्या दारूगोळा डेपोमुळे लष्कर ओळखीचेही आहे. हवाई दलाच्या देखभालीचा सगळा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सध्या भरती अग्निवीरवायू म्हणून होते. मुदत चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के उमेदवारांना कायम केले जाते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. विज्ञान शाखेतून जायचे तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असावे लागते, एकूण ५० टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के लागतात. गावाकडची मुले पळण्यात कमी पडत नाहीत, या इंग्रजीच्या अटीत अडकतात. देखभालीची पुस्तके इंग्रजीत असतात आणि त्यांतली एक ओळ चुकीची समजली तरी चालत नाही, म्हणून ती अट निरर्थक नाही. तेव्हा धावणे चालू ठेवा, पण रोज तासभर इंग्रजीला आणि तासभर भौतिकशास्त्राला द्या, आणि तयारी फॉर्म सुटण्याची वाट न पाहता या वर्षीपासूनच धरा.