बसऱ्याला गेलेल्या शिपायाची पदकं

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले, ते परत आले नाहीत. घरात एक मोठी काळपट चकती आहे, तिच्यावर एक बाई नि सिंह, भोवती इंग्रजी अक्षरं. सोबत दोन गोल पदकं, त्यातलं एक चांदीचं. त्यांच्या आईने हे सगळं कणगीत दडवून ठेवलं होतं, कुणाला दाखवत नसे, असं सांगतात. आता सासूबाई दसऱ्याला देवांबरोबर ते चिंचेने घासतात. पुतण्या म्हणतो, चकती ठेवू, पदकं विकू. काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पदकं विकू नका. आणि चिंच आजपासून बंद.

पावणेपाच इंचांची ही ब्राँझची चकती ब्रिटिश सरकारने युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवली. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास निघाल्या. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. चौकटीत उठावाच्या अक्षरांत फक्त नाव असतं. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दाम गाळला होता. कडेने लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. पारतंत्र्यातल्या माणसाच्या नावाभोवती हे वाचताना मला दरवेळी राग येतो. त्या माउलीने ती भिंतीला का टांगली नसेल, हे मला समजतं. पोराच्या बदल्यात आलेली वस्तू ती कुणाला कौतुकाने दाखवणार?

पण चकतीवर पलटण नाही, शिपायाचा नंबरही नाही. त्या नावाचे शिपाई ढिगाने असतील. तुमचा माणूस नेमका कोण, हे पदकांच्या कडेवर आहे. टॉर्च तिरका धरा आणि पदक हळूहळू फिरवा. बारीक ठोकलेली अक्षरं दिसतील : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आजच्या इराकात, लढल्या, त्यामुळे यातला एखादा आकडा सापडायची शक्यता बरीच आहे. पुतण्याचं ऐकलंत तर चकती घरात राहील, पण ती कुणाची हे सांगणारा पुरावा बाजारात जाईल. चांदीचं म्हणून सोनाराकडे मोडीत गेलेल्या पदकांचं तर पुढे काहीच उरत नाही.

बसऱ्याला १९२९ साली स्मारक उभं राहिलं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. म्हणजे तुमच्या माणसाचं नाव धातूवर कुठे असेल, तर ते तुमच्या घरात. म्हणून घासू नका. चिंचेच्या आंबटाने वर्षानुवर्षं घासलेल्या चकत्या मी पाहिल्यात. सिंहाची आयाळ सपाट, आणि नावातली दोन-तीन अक्षरं बोटालाच लागतात, डोळ्यांना नाही. सासूबाईंना पूजा करू द्या, फूल वाहू द्या. हळदकुंकू चौकटीवर नको. एरवी कोरड्या सुती कापडाने पुसा. पदकं वेगवेगळ्या सुती कापडात ठेवा, जुनी फीत असेल तर धुऊ नका.

कडेवरचा मजकूर स्पेलिंगसकट उतरवून काढा, फोटो सगळ्या भावंडांना पाठवा. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे आडनाव ओळखू येईलच असं नाही. नंबरावर भिस्त ठेवा. मग पुतण्यालाच कामाला लावा : युद्धात मेलेल्यांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव, नंबर, पलटण घालून शोधता येतं. नोंद सापडली की मृत्यूची तारीखही मिळते. घरात त्यांचं पान तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला वाढत असाल, तर जुन्या पंचांगावरून तिथी काढून घ्या.