पहिलं पिस्तूल: आधी हात बघ, मग कॅलिबर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. परवान्याचं काम मार्गी लागलंय हे वाचून बरं वाटलं. 9 मिमी घेऊ की .45 इंच, म्हणजे कुठल्या जाडीच्या गोळीचं (कॅलिबरचं) पिस्तूल घेऊ, हा प्रश्न तू मोठ्या अक्षरांत लिहिला आहेस. पण माझी नजर अडकली ती त्याच्या वरच्या ओळीवर. हात लहान आहेत म्हणून छोटंसं पिस्तूल बघतेयस, असं तू लिहिलंयस. ते आधी मनातून काढून टाक.

छोटं पिस्तूल खिशात किंवा कपड्याखाली बाळगायला सोयीचं असतं, पण चालवायला ते जास्त अवघड. वजन कमी, म्हणून तीच गोळी हाताला जास्त धक्का देते. स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, लहान असल्यामुळे तिची स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, म्हणून ती मागे खेचताना जास्त जोर लागतो. मुठीवर करंगळीला जागा उरत नाही. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं (साइटमधलं) अंतर कमी, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. तुला पिस्तूल अंगावर वागवायचं नाही. रेंजवर सराव आणि घराचं रक्षण, एवढंच काम आहे. त्यासाठी पूर्ण आकाराचंच घे. ग्लॉक 17 ची नळी 114 मिमीची आणि वजन रिकामं असताना सुमारे 630 ग्रॅम. बेरेटा 92 आणि सीझेड 75 धातूच्या सांगाड्याची, किलोच्या आसपासची. जड पिस्तूल धक्का स्वतःच पिऊन टाकतं, पण बराच वेळ धरून ठेवलं की मनगट बोलायला लागतं.

आता हाताचं. पिस्तूल हातात घेशील तेव्हा मॅगझिन (मुठीतला गोळ्यांचा डबा) काढ, स्लाइड मागे खेच, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघ, मग बोट घालूनही खात्री कर. दुकानदाराने तुझ्यादेखत रिकामं करून दिलेलं असलं तरी हे करायचंच. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून मूठ अशी धर, की अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मागच्या उंचवट्याखाली घट्ट बसेल आणि नळी तुझ्या हाताच्या रेषेत येईल. आता तर्जनी चापावर ने. पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकला पाहिजे. त्यासाठी मूठ फिरवावी लागली, तर ते पिस्तूल तुझं नाही, मग त्याची कीर्ती कितीही असो. बोट जेमतेम टोकाने पोचत असेल, तर चाप ओढताना ते पिस्तुलाला बाजूला ढकलतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या बहुधा डावीकडे जातात. माणसं मग महिनोन् महिने साइट सरकवत बसतात, आणि दोष असतो मुठीत. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना मुठीची मागची पट्टी बदलता येते. सगळ्यात बारीक पट्टी लावून बघायला माग.

लहान हाताला आणखी एक गोष्ट नडते. बेरेटा 92 सारख्या, मागे घोडा (हॅमर) असलेल्या पिस्तुलात पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड ओढावा लागतो, पुढच्या गोळ्यांना तोच हलका आणि आखूड होतो. दोन वेगवेगळे चाप शिकायचे, आणि त्यातला लांबचा नेमका पहिल्या गोळीला. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरच्या पिस्तुलात, म्हणजे घोड्याऐवजी आत स्प्रिंगवरची सळई असलेल्या पिस्तुलात, प्रत्येक वेळी चाप एकसारखाच. पहिलं पिस्तूल म्हणून मी तुला स्ट्रायकरचंच सुचवेन.

कॅलिबरचा निकाल लवकर लावतो: 9 मिमी. 1902 पासूनचं हे काडतूस आहे. त्याची साधारण 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 350 मीटरने जाते. .45 ची 15 ग्रॅमची गोळी सुमारे 255 मीटरने. गणित करून बघ, दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखीच निघते, पण संवेग (वजन गुणिले वेग) .45 चा तिसऱ्या हिश्शाने जास्त, आणि हाताला जाणवतो तो संवेग. 1986 मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेची तपाससंस्था एफबीआय मोठ्या कॅलिबरकडे वळली होती. 2010 च्या दशकाच्या मध्यात ती पुन्हा 9 मिमीवर आली, कारण नव्या घडणीच्या गोळ्यांमुळे परिणामातला फरक उरला नव्हता आणि बहुतेक एजंट 9 मिमीने जास्त वेगाने, जास्त अचूक मारत होते.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझं पहिलं पिस्तूल .45 चं होतं, डोळ्यांना आवडलं म्हणून घेतलेलं. दोन महिन्यांत मला दचकायची सवय लागली. गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबलं जायचं, आणि मला ते कळतही नव्हतं. ती सवय मोडायला वर्ष गेलं. तुझं ते वर्ष वाचावं, म्हणून हे इतकं लांबण लावलंय.

घराच्या बाबतीत पिस्तुलाआधी तिजोरीचे पैसे बाजूला काढ. अंधारात बोटांनी चाचपून उघडता येईल अशी, भिंतीला किंवा जमिनीला पक्की ठोकलेली छोटी तिजोरी हवी. उशीखाली नाही, खणात नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर तर नाहीच. मुलं तिथे पोचतात. घरातलं कुणी खूप खचलेलं असेल, किंवा कधी तुझंच मन फार काळवंडलं, तर ते पिस्तूल कायद्याने चालेल अशा रीतीने घराबाहेर ठेवायला दे. त्यात लाज धरू नकोस. मला फोन कर, बाकीचं मी बघतो.

गोळी भिंतीपाशी थांबेल असं धरून चालू नकोस. पातळ पार्टिशन 9 मिमीची गोळी सहज भेदते. पोकळ टोकाची गोळी शरीरात उमलून लवकर थांबते, पण पार्टिशनमध्ये तिचाही भरवसा नाही. शिवाय ती सगळीकडे नागरिकांना घेता येत नाही, तेव्हा तुझ्याकडचा कायदा आधी बघ. म्हणून घरातली कुठली भिंत कुणाच्या पलंगामागे आहे, हे दिवसाउजेडी फिरून पाहून ठेव. हातात वेगळा टॉर्च असू दे. पिस्तुलावर बसवलेल्या दिव्याने कुणाला शोधायला गेलीस, तर नळीही त्याच्यावर रोखली जाते, आणि तो पाणी प्यायला उठलेला भाऊही असू शकतो. चेहरा दिसल्याशिवाय बोट चापावर जायचं नाही. दार लावून फोन करणं जमत असेल, तर तेच करायचं.

रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ (कान झाकणारे कप), दोन्ही वापर. पिस्तुलाचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो, आणि गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. निघताना हात साबणाने धू, शिसं हाताला चिकटलेलं असतं.

विकत घ्यायच्या आधी दोन-तीन पिस्तुलं भाड्याने चालव. प्रत्येकाने सात मीटरवर पाच-पाच गोळ्या, घाई न करता. मग मैत्रिणीला सांगून मॅगझिनमध्ये एखादी डमी (दारू नसलेली) गोळी तुझ्या नकळत घालून घे. डमी आली की आवाज होणार नाही, पण तेव्हा नळी खाली गेली का, ते दिसेल. प्रत्येक पिस्तुलाबरोबर ती किती हलली, हे त्याच्या लक्ष्याच्या कागदाच्या कोपऱ्यात लिही आणि ते कागद मला पाठव.

तुझा,
काका