बॉन्ड सोडून बोला!

प्रश्न : ताई, घरात वाद पेटलाय. आजोबा म्हणतात, स्कॉटलंडचा नट म्हणजे शॉन कॉनरी आणि कॉनरी म्हणजे बॉन्ड, बाकी सगळं उगाच. निकाल द्या.
— एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : निकाल आजोबांच्या विरोधात, त्यांना माझा नमस्कार सांगून. १९६२च्या ‘डॉ. नो’मधला रुबाब मला मान्य आहे. एडिनबरोत दूध पोचवण्याचं काम केलेला पोरगा सूट चढवून असा उभा राहतो, की सात पिढ्यांची श्रीमंती वाटावी. पण बॉन्डला पश्चात्ताप म्हणून होत नाही, आणि नटाचा कस तिथंच लागतो.

तुम्ही ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५) लावा. इंग्रजी फौजेतून सुटलेले दोन भामटे, कॉनरी आणि मायकल केन, आपल्या हिंदुस्थानातून काफिरिस्तानात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या डोंगराळ मुलखात, राजे व्हायला निघतात. लढाईत कॉनरीच्या छातीत बाण घुसतो. घुसतो म्हणजे आतल्या काडतुसांच्या पट्ट्यात अडकतो. रक्ताचा थेंब नाही, म्हणून लोक त्याला सिकंदराचा मुलगा, देवच मानायला लागतात. इथवर गंमत आहे. खरा अभिनय पुढं. हा गडी हळूहळू स्वतःचीच थाप खरी मानू लागतो. बसणं बदलतं, मित्राकडे बघणं बदलतं. आता त्याला न्यायनिवाडे करायचे असतात, वंश चालवायचा असतो. लग्नात भेदरलेली नवरी त्याच्या गालाला कडकडून चावते, रक्त येतं आणि देवपण तिथंच संपतं. दोराच्या पुलावर ढकलण्याआधी तो केनकडे माफी मागतो ना, तेवढा तुकडा आजोबांना दोनदा दाखवा. आणि हो, यात आपले सईद जाफरी त्यांचा दुभाष्या बिली फिश होऊन दोघांच्याही तोंडचा घास पळवतात.

कॉनरीला ऑस्कर मिळालं ते ‘द अनटचेबल्स’ (१९८७)मधल्या शिकागोच्या पोलिसासाठी. काम छानच आहे, पण माझ्या मते ऑस्कर बारा वर्षं उशिरा आलं.

प्रश्न : हाच कॉनरी सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान झाला तरी बोलतो स्कॉटिशच! हे चालतं काहून?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : चालत नाही बाप्पा, आपण चालवून घेतो. ‘हायलँडर’ (१९८६)मध्ये तर स्कॉटिश वीर झालाय क्रिस्तोफर लॅम्बर्ट, जो फ्रेंच भाषेत वाढला. आणि स्पेनहून आलेला त्याचा गुरू कोण? कॉनरी!

प्रश्न : मॅगी स्मिथ स्कॉटिशच ना? आणि मेल गिब्सन?
— एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : दोघंही नाहीत. मॅगीबाईंची आई ग्लासगोची, बाई स्वतः इंग्लंडच्या. एडिनबरोतली शिक्षिका साकारून त्यांनी ऑस्कर मात्र नेलं. गिब्सन जन्मानं अमेरिकन. पुढं चला.

प्रश्न : रॉबर्ट कार्लाइल चांगला, असं मुलगा सांगतो. कुठून सुरू करू?
— निवृत्त कर्मचारी, हिंगणा

उत्तर : दोन चित्रपट लागोपाठ बघा. आधी ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६). सबटायटल लावा, आणि घरची मंडळी झोपल्यावर लावा; नशा, शिव्या, सगळं आहे. बारच्या वरच्या मजल्यावर बसलेला कार्लाइल बिअरचा रिकामा ग्लास मागं न बघता खांद्यावरून खाली भिरकावतो. कुणाचं तरी डोकं फुटतं आणि मग हाच तावातावानं खाली उतरून गुन्हेगार शोधायला लागतो! किडकिडीत अंगकाठीचा माणूस, पण मी खुर्चीत मागं सरकले होते.

लगेच ‘द फुल माँटी’ (१९९७). तोच माणूस आता शेफील्डचा बेकार पोलाद कामगार. मुलाचा खर्च द्यायला पैसे नाहीत, म्हणून मित्रांना गोळा करून स्टेजवर कपडे उतरवायला निघालाय. बेकारभत्त्याच्या रांगेत गाणं लागतं आणि सगळ्यांचे पाय आपोआप ठेक्यात हलू लागतात. एम्प्रेस मिल बंद पडल्यावर घरी बसलेली माणसं ज्यांनी आपल्या मोहल्ल्यात पाहिलीत, त्यांना तो विनोद जरा आत लागेल.

प्रश्न : बायका नाहीत का हो स्कॉटलंडात?
— एक वाचक, सदर

उत्तर : वा! ह्या प्रश्नाची वाट बघत होते. डेबोरा कर, जन्म ग्लासगोचा, १९२१. ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७)मध्ये ती हिमालयातल्या मठाची प्रमुख आहे. हिमालय सगळा इंग्लंडच्या स्टुडिओत रंगवलेला, आणि इंग्रज जीन सिमन्सला काळा रंग फासून आपली पोरगी केलीय, त्याचा राग येतोच. तरी डेबोरा बघा. एक जोगीण बंड करून लाल लिपस्टिक लावत बसते आणि ही समोर बायबल उघडून नुसती बसून राहते. भीती फक्त डोळ्यांत. ऑस्करला सहा नामांकनं, मिळालं एकही नाही; १९९४ साली मानद देऊन बोळवण केली.

दुसरी केली मॅकडोनल्ड, तीही ग्लासगोची. ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७)मध्ये मारेकरी तिच्यासमोर बसून छापा की काटा सांगायला लावतो. ती सांगतच नाही. मारायचं नाणं ठरवत नाही, तूच ठरवतोस, असं त्याला थकल्या आवाजात सुनावते, तेही अस्सल टेक्सासच्या ढंगात. मारेकरी झालेल्या हाविएर बार्देमला ऑस्कर मिळालं. तिला साधं नामांकनही नाही. पहाटे उठून तो सोहळा बघणं मी उगाच नाही सोडलं.