आतड्यातले जिवाणू आणि साखर: वाचकांचे प्रश्न

पोटातले जिवाणू सुधारले की मधुमेह जातो, असा निरोप घरोघरी फिरतो आहे आणि त्यावरून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यातले काही इथे घेतो.

रोज वाटीभर दही खाल्लं तर साखर आटोक्यात येईल का?

नाही. दही जरूर खा, साखर न घालता. पण ते औषध नव्हे.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने चांगले जिवाणू मरतात असं ऐकलं. पोटही बिघडायचं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी गोळी बंद करून प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल सुरू केल्या. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.२ वरून ९.१ वर गेलं. आणखी किती थांबू?

एक दिवसही नको. उद्याच तुमच्या डॉक्टरांना भेटा.

टाइप २ मधुमेहात ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी असतात, हे २०१२ साली चीनमधल्या अभ्यासात दिसलं. ब्युटिरेट म्हणजे जिवाणू तंतूंपासून बनवतात ते आम्ल; त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. मेटफॉर्मिनमुळे जिवाणूंत बदल होतात हेही खरं. पण २०१७ मध्ये ही गोळी घेणाऱ्यांचे जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडले, तेव्हा उंदरांच्या शरीरात साखर अधिक चांगली वापरली जाऊ लागली. म्हणजे ज्याला तुम्ही अपाय समजलात, तो गोळीच्या गुणाचाच एक भाग असावा. जुलाब-गॅसवर उपाय आहेत: कमी मात्रेने सुरुवात, जेवणाबरोबर गोळी, किंवा सावकाश विरघळणारा प्रकार. ते डॉक्टर ठरवतील. त्यांना न विचारता गोळी सोडणं हा उपाय नव्हे. डबीवर काहीही छापलेलं असो, मधुमेहाच्या गोळीची जागा घेईल असं एकही प्रोबायोटिक आज नाही. आणि वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडं पोखरते, तेही दुखल्याखुपल्याशिवाय. म्हणून तर माणसं थांबून राहतात!

जिवाणू तपासणारं किट मागवू का?

नको. त्यावरून मधुमेहाचं निदान होत नाही, औषधही ठरत नाही. त्या पैशात डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या.

मग या जिवाणूंसाठी खायचं तरी काय?

तंतू, म्हणजे फायबर. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकी, पालेभाज्या, गवार. शांघायमध्ये भरपूर तंतूंचा आहार दिलेल्या रुग्णांचं एचबीएवनसी जास्त उतरलं, जिवाणूही सुधारले. मात्र त्यांची मधुमेहाची गोळी चालूच होती, हे निरोपात कुणी लिहीत नाही. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.