घरीच शिकणारी मुलं जरा अडलं की 'आई, तूच सांग' म्हणतात. त्यांनी स्वतः डोकं चालवावं म्हणून कुठले खेळ, कोडी किंवा किट आणावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलं ५ आणि ७ वर्षांची आहेत, शाळेत घातलेली नाहीत, रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहता आणि एक किट ऑनलाइन बघून ठेवलंय. ते पैसे तूर्त राहू द्या. आम्हीही दोन किट आणले होते. मुलांनी आतल्या कागदावरची चित्रं बघून एक-एक तुकडा जोडला, पाऊण तासात पवनचक्की तयार झाली आणि मग ती कपाटावर गेली ती गेलीच. त्यात त्यांना अडायला जागाच नव्हती. अडचण आधीच कोणीतरी सोडवून डब्यात भरून ठेवलेली.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. नारळ-पोफळीचं छोटं आगर आहे. मुलगी आठाला टेकली आहे, मुलगा पाचचा. गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते, त्यात तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर येईल.

विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं आणि न्हाणीमागचं अळू सुकायला लागलं होतं. न्हाणीचं पाणी पूर्वी तिथवर जायचं, आता मध्येच मुरत होतं, कारण आमची जमीन पुळणीची, रेताड. मी दोघांना एवढंच म्हटलं, "अळवापर्यंत पाणी पोचत नाहीये. बघा काही करता येतं का."

पहिल्या दिवशी त्यांनी पाट खणला. पाणी आणखी लवकर मुरलं. मग तो अजून खोल केला. परिणाम तुम्ही ओळखला असेलच. दुसऱ्या दिवशी मुलीने पोफळीच्या पडलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या देठाची रुंद, जाड वेष्टनं, ओढत आणल्या. एरवी त्यांवर बसून एकमेकांना फरफटत नेण्याचा उद्योग चालतो, त्यामुळे विरी पन्हळीसारखी असते हे त्यांना ठाऊक होतं. पाच विऱ्या एकापुढे एक मांडल्या, बादली ओतली आणि पाणी पहिल्याच सांध्यात गायब झालं. विऱ्या जवळ सरकवल्या, एकमेकींवर चढवल्या, तरी गायब.

इथे मी घाण केली. दुपारी दोघं झोपलेली असताना मला राहवेना, म्हणून मी जाऊन दोन विऱ्या नीट लावून आले. संध्याकाळी मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. चिडली नाही, रडली नाही. "मग तूच कर ना आता," म्हणाली आणि आत निघून गेली. पुढचा दीड दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही. मी हळूच विऱ्या पुन्हा विस्कटून ठेवल्या. (सासूबाई बघत होत्या. माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं, विचारलं नाही.)

चौथ्या दिवशी कौलं परतायला गावातले दोघे काका आले. मुलगा अंगणात उकिडवा बसून वर बघत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम ओरडला, "ताई, आपण उलटी कौलं घातली!" म्हणजे असं, की खालच्या विरीचं तोंड वरच्या विरीच्या टोकावर चढवलेलं होतं, त्यामुळे पाणी फटीतून खाली जात होतं. दोघांनी सगळ्या विऱ्या काढून अळवाच्या टोकाकडून पुन्हा लावत आणल्या, वरची नेहमी खालचीवर. पाणी अळवापर्यंत गेलं. थोडं गळत होतं, पण गेलं.

तेव्हा तुम्हाला शोधायची आहे ती घरातली खरी अडचण, जिचं उत्तर तुम्हालाही पुरतं माहीत नाही. फ्लॅटमध्ये विऱ्या नसतील, पण पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, गॅलरीत कबुतरं येतात, मीठ ओलं होतं, साखरेच्या डब्यात मुंग्या शिरतात. यातलं एक मुलांच्या हवाली करा, आणि चार दिवस लागले तर लागू द्या.

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. माझा उपाय म्हणजे हातात काम घ्यायचं. मेमध्ये मी रातांबे फोडायला बसते. हात बरबटलेले असले की मदत करायचा मोह आपसूक आवरतो. 'अमुक करून बघितलंस का?' असं विचारू नये, तो प्रश्नाच्या वेषातला हुकूमच असतो. मी विचारते, "पाणी कुठपर्यंत गेलं?" बस. मूल पुन्हा जाऊन बघतं आणि बघता बघता काहीतरी दिसतं. पण लेकरू रडकुंडीला आलं असेल तर तत्त्व बाजूला ठेवून एक विरी धरावी. तेवढ्याने काही बिघडत नाही. विहीर, कोयता आणि पावसाळ्यातला समुद्र यांच्या बाबतीत मात्र प्रयोग नाहीत, तिथे सरळ नाही म्हणायचं.

साधनांचं म्हणाल तर तुमच्या दारात समुद्र आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी आपल्याच किनाऱ्यावर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली.

आमच्याकडे शिंपल्यांपेक्षा भरतीचा उपयोग जास्त झाला. मुलीचा वाळूचा किल्ला रोज वाहून जायचा. "आज पाणी कधी येणार?" तिने विचारलं, मी म्हटलं बघूया. एका काळ्या खडकाला पाणी लागलं की ती घड्याळ बघून कॅलेंडरवर वेळ लिहायची. आठवडाभरात तिला कळलं की वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मगच आजोबांनी आपला हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. आधी सांगितला असता तर तो एक पाढा झाला असता.

पाऊणपट म्हणजे काय हे तिला येत नव्हतं. तिने आठ सुपाऱ्यांचे चार ढीग केले आणि एक ढीग उचलला, सहा उरल्या. दशमीला अडलं, कारण दहाचे चार सारखे ढीग होईनात. बराच वेळ बसून राहिली, मग आजीकडे गेली, "दोन फोडून दे गो." आजीने अडकित्त्याने दोन सुपाऱ्यांची चार खांडं करून दिली. अडीच-अडीचचे चार ढीग, एक उचलला, साडेसात. अपूर्णांक हा शब्द मी अजून तिच्यासमोर उच्चारलेला नाही.

अभ्यास मागे पडेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. या वयात घाई नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब, क असे स्तर आहेत, ते ३री, ५वी, ८वीच्या बरोबरीचे. वेळ आली की त्या वाटेने जाता येतं. नातेवाईकांना मी तेवढंच सांगते आणि चहा टाकायला उठते.

विऱ्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. जूनच्या पहिल्या पावसात पागोळ्यांचं सगळं पाणी त्या पन्हळीत उतरलं आणि जे अळू पाण्यावाचून सुकत होतं ते पाण्याखाली गेलं. दोघं छत्री धरून उभी, पाणी आता कुठे वळवायचं याची वाटाघाट चालू. मुलाचं म्हणणं, विहिरीत. साबणाचं पाणी विहिरीत जाणार नाही, एवढं मी ओरडून सांगितलं आणि आत आले.