चहा पातेल्याच्या अंगावरून ओघळतो त्याबद्दल

ताई, प्रश्न वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे रोज सकाळी हेच रामायण असायचं. तुम्ही विचारलंय की गाळण्यात ओतताना चहा पातेल्याच्या अंगावरून ओघळून ओट्यावर का येतो आणि मिस्टर धसमुसळेपणाने ओततात तरी त्यांचा का नाही सांडत. हात थरथरतो वगैरे काही नाही हो, तुम्ही जपून ओतता म्हणूनच सांडतं!

ह्याला टीपॉट इफेक्ट म्हणतात, मार्कस रायनर ह्या शास्त्रज्ञाने १९५६ साली हे नाव दिलं. आपल्याला वाटतं चहा भांड्याला नुसता चिकटतो, पण १९५७ मध्ये जोसेफ केलर ह्या गणितज्ञांनी गणित मांडून दाखवलं की काठावरून वळताना भांड्यालगतचा थर जास्त वेगाने जातो, तिथला दाब कमी होतो आणि मग बाहेरची हवाच धारेला भांड्याकडे ढकलते. ह्याच विषयावरच्या कामासाठी त्यांना सहकाऱ्याबरोबर १९९९ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, पण मिळालं (त्याच वर्षी दुसरं बक्षीस बिस्किट चहात कसं बुडवावं ह्याला होतं, खोटं नाही सांगत).

पण चिकटणं अगदीच निर्दोष नाहीये. २०१० मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी काठाला पाणी अजिबात धरून न ठेवणारा लेप दिला तर ओघळ बंद झाला. आणि २०२१ मध्ये व्हिएन्नावाल्यांनी दाखवलं की काठाच्या खालच्या बाजूला एक थेंब कायम लटकून राहतो, तो तिथली जागा ओली ठेवतो आणि वेग एका हद्दीखाली गेला की सगळी धारच त्याच्या मागे आत वळते. घरी बघायचं तर स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, डोळे काठाच्या लेव्हलला आणा आणि अगदी हळू कलता करा, तो थेंब फुगताना आणि मग धार पेल्याच्या पोटाला लागताना स्पष्ट दिसते.

आता उपाय. पातेलं काठोकाठ भरलेलं असेल तर ते जोरात कलवताच येत नाही, म्हणून आधी थोडा चहा पळीने काढून घ्या आणि मग बेधडक ओता. तेही जमत नसेल तर काठाला पळी टेकवून धरा, चहा पातेल्याऐवजी पळीला धरून खाली उतरतो. गुंडाळलेल्या गोल काठाची पातेली जास्त त्रास देतात कारण धारेला वळायला सोपं जातं, पातळ धारदार काठावरून ती सुटते. काठाच्या खालून तुपाचं बोट फिरवलं तरी फरक पडतो पण मी एकदा जरा जास्तच फिरवलं आणि सासूबाईंनी कपातल्या तवंगाकडे बघून विचारलं की फोडणी पण दिलीस का.

आणि थांबवताना पातेलं झटकन सरळ करा, हळूहळू केलंत की वेग कमी होतो आणि शेवटचा घोट ओट्यालाच जातो.