आरोग्यदायी आहारावरील पुस्तकात चित्रे आणि मांडणी यांचा नेमका उपयोग काय?

सोलापुरातील वाचकांसाठी असे पुस्तक काढताना चित्रांवर खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य करावा, मात्र चित्रांचे मुख्य काम प्रमाण दाखवणे हे आहे, पाने सजवणे नव्हे. ‘भाज्या पुरेशा खाव्यात’ या वाक्यातून ताटाचा किती भाग भाज्यांचा असावा हे कळत नाही, चित्रात ते लगेच दिसते. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९९२ पासूनच्या अन्न-पिरॅमिडची, म्हणजे कोणते अन्न किती खावे हे दाखवणाऱ्या त्रिकोणी आकृतीची, परंपरा सोडून २०११ मध्ये निम्मी जागा फळे व भाज्यांना देणारे ताटाचे चित्र स्वीकारले (माणूस जेवतो तो ताटातच!).

ते ताट मात्र इथले हवे. ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी, ताक आणि कडेला शेंगाचटणी असे चित्र असेल, तर वाचक स्वतःच्या जेवणाशी त्याची तुलना करू शकतो. ब्रोकोलीच्या तयार छायाचित्रांनी ते साधणार नाही. शेंगाचटणीत प्रथिनांबरोबर तेल आणि मीठही असते, म्हणून तिचा चमचाभर वाटाच रेखाटावा. शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी अनेक कुटुंबे असल्याने, मराठी मजकूर सराईतपणे न वाचणाऱ्या घरातील व्यक्तीलाही अशा चित्रांचा उपयोग होतो.

छपाईचा कागद साधा असल्यास छायाचित्रांऐवजी ठळक रेखाचित्रे घ्यावीत, कारण असा कागद शाई शोषतो आणि छायाचित्रातील ताजी मेथीसुद्धा कोमेजलेली दिसते.